मोटारीची खांदशेकणी

त्या मोटारीचा हॉर्न दाबला का डावा दिवा लागे. दिव्याचं बटन ओढलं का वायपर हले. अन् वायपर लावाले गेलं तं काहीच होत नसे, मोटार नुसती मुकाट बसे. मी तवा पंचवीसचा होतो अन् मोटार बावीसची. विलायती, काळी, बोनेट दोन्ही बाजूनं उघडणारं. आमच्या नरहरी साहेबांनी ते नागपूरच्या एका म्हाताऱ्या वकिलाकडून घेतली अन् भिलाईले आणली. आणली म्हणजे काय, निम्मी वाट चालवली अन् निम्मी ढकलली.

साहेब पोलादाच्या कारखान्याच्या गॅरेजात इंजिनियर होते. मी तिथंच मस्टरवरचा, म्हणजे रोजंदारीचा हेल्पर. कारखान्याची पहिली भट्टी पेटून दीड वर्ष झालं होतं, बांधकाम सरत आलं होतं, अन् मस्टरवरच्या माणसांले एकेक करून घरी पाठवून राहिले होते. गॅरेजले एक ऑटो इलेक्ट्रिशियन पर्मनंट घ्याचा होता. एकच. त्याचं नाव फोरमन अरुणकुमार सुचवणार होता, अन् अरुणकुमारले माह्यासारखी माणसं दिसली का त्याचं तोंड कारल्यावानी होई. "हल जोतने वाला करंट क्या समझेगा?" असं तो माह्या तोंडावर म्हणे. माणूस कामात एक नंबर होता, खोटं कावून बोलू? पण जीभ अशी का आयकणाऱ्यानं जागीच खाली बसावं.

त्या जेठ महिन्यात मोटारीचं हँडल मारताना ते उलटं फिरलं अन् साहेबांचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर उतरल्यावर साहेबांनी मले बोलावलं.

"तेजराम, या हातानं आता मी हँडल मारू शकत नाही. गाडी सेल्फवर, नुसतं बटण दाबून, चालू झाली पाहिजे. तू बघ."

"पाह्यतो जी."

"पोळ्याच्या सकाळी, सुट्टीच आहे, मी अरुणकुमारला घेऊन येतो. त्याच्यासमोर सेल्फ फिरला, की तुझ्या नावाला तो नाही म्हणणार नाही. आणि नाही फिरला तर माझंही तोंड बंद."

तवा मोटार ढकलत मजुरांच्या कॅम्पात आणली अन् माह्या टिनाच्या झोपडीसमोर बाभळीखाली उभी केली.

त्याच हप्त्यात माहा बाप आला. साकोलीकडं आमची तीन एकर धानाची जमीन, ते थोरला भाऊ दयाराम वाही. माय गेल्यापासून बाप तिथं घुसमटून राहिला होता. मी त्याले म्हटलं, "बाबा, पर्मनंट झालो का क्वार्टर भेटते. पक्कं. आत नळ, आत दिवा. तुमी इथंच राहा." बाप झोपडीकडं पाह्ये, मंग कारखान्याच्या चिमण्यांकडं पाह्ये. "मी काय करू इथं, तेज्या? ना ढोर, ना धानाची बांधी," असं म्हणे. पण जातो असंही म्हणत नसे. माह्या मनानं घेतलं होतं का क्वार्टर भेटलं तं हा राहीन. माही सारी धडपड त्याच्यासाठीच होती म्हणा ना.

रामाजी त्याचं नाव. पहाटे चारले उठायची सवय, उठला का गोठ्याकडं जाची सवय. इथं गोठा कुठचा? तो उठे, अंगणात उभा राही, अन् मंग मोटारीजवळ जाऊन बसे. तिच्या मडगार्डावरून हात फिरवे. माही बायको मथुरा आतून पाह्ये अन् मले कोपर मारे. "पाहा, मामाजीनं बैल शोधला."

माही ड्यूटी सकाळी सहा ते दोन. दोननंतर दिवस बुडेपर्यंत मी मोटारीत. पहिले तीन दिवस तं नुसत्या तारा ओढल्या. जुन्या तारांवर कापडाचं वेष्टन असे. ते उंदरांनी खाल्लं होतं, अन् उघडी तांब्याची तार एकमेकीले चिकटून बसली होती. हॉर्नचा करंट दिव्यात अन् दिव्याचा वायपरात, असा सारा गावगोंधळ. कोणती तार कुठून कुठं गेली हे ध्यानात राहावं म्हणून मथुरानं लुगड्याच्या काठाचे दोरे काढून देल्ले. हॉर्नले लाल, दिव्याले हिरवा, सेल्फले पिवळा. मोटारीच्या पोटात लग्नाचा मांडव घातल्यावानी दिसे.

माह्यापाशी हत्यार काय, तं एक बल्ब अन् त्याले दोन तारा. एक टोक इकडं लावाचं, दुसरं तिकडं. बल्ब लागला म्हणजे वाट चालू. बाप बल्ब धरून बसे अन् लागला का वरडे, "लागला गा, लागला!" एक दिवस त्यानं इचारलं, "तेज्या, हा करंट जाते कुठं?"

मी म्हटलं, "बॅटरीतून निघते, काम करते अन् परत बॅटरीत येते. परत येची वाट नसली तं तो निघतच नाही."

"म्हंजे पाटाच्या पान्यावानी नाही."

"नाही. पाणी कुठं परत येते?"

बापानं जरासा इचार केला. "मंग बैलावानी होय. सकारी गोठ्यातून निघाला, सांजेले गोठ्यात."

मी हसलो. पण खरं सांगतो, पुढं एकतीस वर्षं मी कितीक पोट्ट्यांले हे काम शिकवलं, अन् दर वेळी बापाचा बैलच सांगतला.

पोळ्याच्या दोन दिवस आधी सेल्फ फिरला. कुईं करून इंजिन चालू झालं तवा आजूबाजूच्या झोपड्यांतून बाया निघून आल्या. बापानं टोपी काढून पुन्हा घातली. एकच काम राह्यलं होतं. मोटारीचं इंजिन रबरावर बसलेलं असते, म्हणून इंजिनापासून खालच्या लोखंडी चासीपर्यंत तांब्याची एक विणलेली पट्टी लावतात. सेल्फ फिरवून करंट त्या पट्टीनंच घरी परत जाते. जुनी पट्टी सडली होती अन् मी तिथं साधी तार बांधून काम काढलं होतं. साहेब म्हणाले, नवी पट्टी मी सकाळी येताना घेऊन येतो. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी मी ते तार सोडली, चासीवर पट्टी बसायची जागा कानसीनं अन् पॉलिश कागदानं घासली. आतलं लोखंड चकचक दिसेपर्यंत घासली. मंग एका बाजूचं बोनेट उघडंच ठेवून बाजारात गेलो. सणाले गूळ नव्हता घरी.

परत आलो तं अंगणात शेणाची गवरी धगधगून राहिली होती. बापापाशी तूप-हळदीची वाटी अन् हातात पळसाचं पान. पान तुपात बुडवून, निखाऱ्यावर धरून तो मोटारीच्या दोन्ही मडगार्डांले शेकून राहिला होता. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या सांजेले बैलाचे खांदे असे शेकतात. सालभर जू वाह्यते बिचारा, म्हणून. अन् शेकताना त्याले दुसऱ्या दिवसाचं जेवणाचं बोलावणं देतात.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," बाप मोटारीले म्हणून राहिला होता.

मले हसू आवरलं नाही. "अजी बाबा, थे पेट्रोल पिते, पुरणपोळी नाही खात!"

मथुरा दारात उभी होती. तिनं माह्याकडं असं पाह्यलं का मी गप बसलो. हळूच म्हणे, "हसू नका. घरातलं होतं नव्हतं तेवढं तूप देल्लं मी. मामाजी सकाळपासून जेवले नाहीत. गावी दर साली आज हेच शेकत, यंदा तिथं दयाराम भाऊजी शेकत असतील."

मी मोटारीकडं गेलो, बापाच्या बाजूनं उकिडवा बसलो, अन् मीही मडगार्डाले पान लावलं. तुपाचा वास अन् पेट्रोलचा वास एकत्र आला होता, अजून नाकात आहे.

रातभर पाऊस झाला. सकाळी आभाळ इतकं खाली का दिवस निघाला का नाही ते कळे ना. मी मडगार्डावरची हळद पुसायले घेतली तेवढ्यात साहेब आले. मागून सायकलवर अरुणकुमार. साहेबांनी नवी पट्टी माह्या हातात देल्ली अन् म्हणाले, "लवकर कर, साडेआठला मला दुर्ग स्टेशनवर पोचायचं आहे." मी पट्टीचं वरचं टोक इंजिनाले लावलं. खालचं टोक लावाले हात खोल घातला. खाली अंधार. माह्या हातानं घासलेली जागा, तिथं पुन्हा काय पाहाचं? हातानंच चाचपलं, बोल्ट घातला, आवळला. हाताले चिकट लागलं, पण मोटारीच्या खाली सारं चिकटच असते.

"चलाओ," अरुणकुमार म्हणे.

मी आत बसलो. सेल्फचं बटन दाबलं.

'ढुं' झालं. बस. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. पोटदुखीच्या म्हशीवानी एकदा कण्हे अन् गप.

मी खाली उतरलो. बॅटरीची दोन्ही टोकं पाह्यली, आवळलेली. सेल्फची जाड तार पाह्यली, ठीक. बल्ब लावला. बॅटरीवर लागला. सेल्फवर लागला. इंजिनावर टेकवला, तिथंही लागला. दिवे लागून राहिले होते, हॉर्न वाजून राहिला होता, डावा दिवा आता हॉर्नवर लागत नव्हता. सारं बराबर, अन् सेल्फ तेवढा मेलेला. माह्या पाठीवरून घाम अन् पाऊस दोन्ही उतरून राहिलं होतं. कॅम्पातले चार-दोन जण येऊन उभे राह्यले. कोणी म्हणे ढकला, कोणी म्हणे नारळ फोडा.

"बैटरी बैठ गई," अरुणकुमार म्हणे.

"नाही साहेब, हॉर्न सुनिए ना, कितना जोर का है."

"तो सेल्फ जला दिया होगा तूने." तो साहेबांकडं वळला. "साहब, मैंने पहले ही बोला था. हैंडल मँगवाइए, आपको देर होगी."

साहेबांनी घड्याळ पाह्यलं. त्यांचं ते मनगट अजून बारीक दिसे. मनात आलं, गेलं. नोकरी गेली, क्वार्टर गेलं, बाप आजच्या गाडीनं गावी गेला. रडू येऊन राहिलं होतं मले, लाज कशाची सांगाले.

मी पुन्हा आत बसलो. अखेरचं म्हणून बटन दाबून धरलं, अन् डाव्या हातानं चोकचा दांडा धरला, आणखी ओढावा म्हणून.

चटका बसला. असा का हात झटकला मी.

चोकची तार म्हणजे इंजिनाकडं जाणारी एक पातळ तार, एका नळीतून. तिच्यात करंट असतच नाही. ते गरम कावून होईन? मी तसाच बसून राह्यलो. बाप खिडकीपाशी आला होता. "काय झालं गा?"

"चोकची तार तापली. तिच्यातून करंट जाऊन राहिला. जाले नाही पाह्यजे."

बाप म्हणे, "हमेशाची वाट अडली असन त्याची. वाट अडली का बैल दुसऱ्याच्या वावराच्या धुऱ्यावरून घरी येते."

अरे देवा! माह्या डोक्यात लख्ख झालं. परत जाची वाट. करंट येऊन राहिला होता, पण घरी जाले त्याले पट्टी भेटतच नव्हती, म्हणून बिचारा चोकच्या पातळ तारेवरून जाऊन राहिला होता. बल्बाले काय, त्याले पायवाट पुरते. सेल्फले गाडीवाट लागते.

मी उडी मारली, हात खाली घातला, पट्टीचा बोल्ट सोडला. पट्टीखाली बोट फिरवलं अन् बाहेर काढलं. बोट काळं. वंगण नव्हतं ते. डांबर होतं, चांगलं घट्ट झालेलं.

डांबर इथं आलं कुठून? मी मान वर केली. बाप माह्या बोटाकडं पाहून राहिला होता. त्यानं हात हळूच धोतराच्या मागं नेले, पण तेवढ्यात मले दिसलं. त्याच्या नखांत डांबर होतं.

मी समजलो. जू घासून बैलाचा खांदा सोलला का त्यावर माशी बसू नये म्हणून डांबर लावतात आमच्याकडं. काल मी बाजारात गेल्यावर बापाले ते घासलेली, सोललेली जागा दिसली असन. सडकेवाल्यांनी टाकलेला डांबराचा डबा झोपडीमागं पडलाच होता. त्यानं गवरीवर तापवलं असन अन् काडीले चिंधी बांधून लावलं असन. जखम होती ना ती, त्याच्या हिशेबानं.

"क्या निकला?" अरुणकुमार वाकून इचारून राहिला होता.

सारा कॅम्प भवताल उभा. माह्या बापावर हसले असते सारे. मोटारीच्या जखमेले डांबर लावणारा म्हातारा, अशी गोष्ट साऱ्या वस्तीत फिरली असती. अन् अरुणकुमारनं तं ते गॅरेजात रोज सांगतली असती.

"डांबर लगा था साहेब. मेरे हाथ से लगा. देखा नहीं मैंने. गलती मेरी है."

"बिना देखे कस दिया?"

"जी."

त्यानं खिशातून डायरी काढली अन् काहीतरी लिवलं. मी रॉकेलच्या चिंधीनं डांबर काढलं, पुन्हा चकचक घासलं, या वेळी कंदील लावून पाह्यलं, अन् पट्टी आवळली. सेल्फ पहिल्याच दाबात फिरला. इंजिन असं चालू झालं का पाखरं उडाली. साहेबांनी मडगार्डावरच्या हळदीवर बोट फिरवलं, वास घेतला, अन् मोटारीत बसून निघून गेले. अरुणकुमार सायकलवर टांग टाकताना म्हणे, "हाथ अच्छा है तेरा. आँख लापरवाह है. ऐसे आदमी को मैं गाड़ी नहीं देता."

बापाले हिंदी फारशी येत नव्हती. पण तेवढी समजली, हे मले मागून कळलं.

मथुरानं पुरणपोळ्या केल्या होत्या, वडे केले होते. बापानं अर्धी पोळी खाल्ली. मी म्हटलं, "घ्या ना बाबा." तो म्हणे, "पोट भरलं." मंग त्यानं मथुरेले पळसाच्या पानावर दोन पोळ्या अन् चार वडे मागतले, वर दुसरं पान झाकलं, सुतळीनं बांधलं. "जरा पाय मोकळे करून येतो." मले वाटलं जवळच्या खेड्यात कोणाचे बैल पाहाले चालला, त्यांच्या तोंडात घास देईन. बिचाऱ्याचा सण आहे, म्हणून मी काही इचारलं नाही. दिवे लागायच्या वेळेले परत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, धोतर ओलं. आला तसा भिंतीकडं तोंड करून निजला.

दुसऱ्या दिवशी दुर्गवरून पॅसेंजरनं तो गावी गेला. मी थांबा म्हटलं, त्यानं आयकलं नाही. गाडी हलली तवा खिडकीतून म्हणे, "नाव लागलं का कार्ड टाक."

"टाकतो," मी म्हटलं. नाव लागणार नाही हे मले पक्कं माहीत होतं, अन् मी समजत होतो का त्याले माहीत नाही.

पंधरा दिवसांनी गॅरेजच्या फळ्यावर यादी लागली. ऑटो इलेक्ट्रिशियन, तेजराम रामाजी. मी तीनदा वाचलं. मंग साहेबांकडं पळालो, पायाले हात लावाले.

"माझ्या नको," साहेब म्हणाले. "तुझ्या वडिलांच्या लाव. त्यांनी तुला सांगितलं नाही?"

"काय जी?"

"पोळ्याच्या दुपारी बंगल्यावर आले होते. माळ्यानं आत सोडलं नाही. आम्ही जेवून झोपलो होतो. तासभर फाटकाबाहेर पावसात उभे होते. मी उठून बाहेर आलो तर म्हणतात, 'मोटारीले काल आवतन देल्लं होतं जी. जेवू घालाले आलो.' मी बंगल्याचं गॅरेज उघडून दिलं. त्यांनी पान मोटारीपुढे ठेवलं, पाया पडले. मग माझ्यापुढे दोन्ही हात धरले. नखांत डांबर होतं. म्हणाले, 'हे म्या केलं जी. पोराले ठाऊक झालं, पण त्यानं बापाले झाकलं. त्याची चूक लिवली असन तं खोडा.'"

साहेबांचंही गाव वर्ध्याकडं होतं, त्यांनीही लहानपणी खांदे शेकले असतील.

"मी अरुणकुमारला बोलावून सांगितलं. त्यानं डायरी काढली. मग म्हणाला, 'साहब, चोक की तार गरम है, ये तो मुझे भी नहीं सूझा था.' आणि डायरीतलं पान फाडलं."

कॅम्पापासून साहेबांचा बंगला चार मैल. बापानं वाट इचारत इचारत पायी ते अंतर कापलं होतं, जाऊन-येऊन, अर्ध्या पोळीवर. मी गॅरेजच्या मागं जाऊन रडलो.

कार्ड टाकलं. क्वार्टर भेटलं, नळ, दिवा, सारं. दिवाळीले मी त्याले आणाले गावी गेलो. तो म्हणे, "येईन पुढच्या साली. धान कापलं का येईन." तो कधी आला नाही, अन् दोन सालांनी गेलाच. पण त्या दिवाळीची सकाळ सांगतो अन् थांबतो.

तो मले गोठ्यात घेऊन गेला. डाव्या बैलाचा खांदा सोलला होता. बापापाशी डांबराचं करवंटं होतं, काडीले चिंधी बांधलेली. मले वाटलं आता मी बोलतो. साहेबांनी सांगतलं, असं म्हणतो. पण तेवढ्यात बापानं काडी माह्या हातात देल्ली.

"तू लाव. मले आता नीट दिसत नाही."

मी लावलं. बैल जागचा हलला नाही. माही बोटं काळी झाली, नखांत गेलं. मी ते धोतराले पुसाले गेलो तं बापानं माहा हात धरला. कधी नाही तो धरला, अन् सोडेच ना.

"पुसू नको," तो म्हणे. "रॉकेलनं निघते."